राहू दे

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरोघर माळे उतरवले जातात. डबे, पितळी भांडी, मोडकी खुर्ची यांच्या पाठोपाठ कागदांचे एक गाठोडे खाली येते. त्यात दुकानाच्या पावत्या असतात, कोणे एके काळच्या लग्नपत्रिका असतात, मुलांची गुणपत्रके असतात, आणि घडीवर झिजलेली दोन-चार आंतर्देशीय पत्रे असतात. मग घरातली बाई एकेक कागद हातात धरून विचारते, "टाकू का?" आणि घरातला पुरुष वर न पाहताच म्हणतो, "राहू दे."

हे 'राहू दे' मोठे चमत्कारिक आहे. आपल्या भाषेत त्याचे दोन अर्थ होतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक, हे जपून ठेव. दुसरा, हे सोडून दे, आता नको. पोळी वाढायला आलेल्या माणसाला आपण 'राहू दे' म्हणतो तेव्हा तो नकार असतो. पत्र फाडायला निघालेल्या माणसाला म्हणतो तेव्हा ती राखण असते. बोलणाऱ्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कोणता अर्थ घ्यावा हे कळत नाही. नुसते शब्द लिहून ठेवले तर पुढे वाचणारा फसलाच म्हणून समजावे.

संगणकावर लिहिणाऱ्या माणसाला हाच प्रश्न रोज विचारला जातो. लिहिणे आटोपून तो उठू लागला की यंत्र विचारते, हा मजकूर राखायचा की नाही? माणूस होय म्हणतो किंवा नाही म्हणतो, आणि व्यवहार संपतो. पण उत्तर देण्यापूर्वीच वीज गेली तर? आमच्या बीड जिल्ह्यात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. पडदा काळा होतो, पंखा थांबतो, आणि समोरचा मजकूर 'राखलेला' नसतो, 'टाकलेला'ही नसतो. तो नुसता राहिलेला असतो.

अशा राहिलेल्या मजकुरासाठी यंत्र करणाऱ्यांनी बरीच सोय करून ठेवली आहे. वर्ड नावाचा जो लेखनाचा प्रोग्रॅम टायपिंगच्या बहुतेक दुकानांत असतो, तो आपण काही न सांगता दर दहा मिनिटांनी चालू मजकुराची एक नक्कल बाजूला काढून ठेवतो. ही मुदत ज्याला हवी त्याने कमी करावी. वीज आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा उघडला की तो ती नक्कल पुढे करतो. शेवटची पाच-सात मिनिटे गेली तर गेली, बाकीचे जसेच्या तसे. लिहून झाल्यावर राखायला 'नाही' म्हटले, तरीसुद्धा अलीकडच्या आवृत्त्यांत तो मजकूर साधारणपणे चार दिवस एका कोपऱ्यात पडून असतो, आणि जाणकाराला तो काढता येतो. पुसून टाकलेली फाईलदेखील लगेच पुसली जात नाही. आपल्या रानाच्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावरचे नाव तेवढे खोडले जाते. पीक रानात उभेच असते. दुसरा कोणी येऊन त्या जमिनीत नांगर घालीपर्यंत ते दिसते आणि काढताही येते. म्हणून शहाणी माणसे सांगतात, फाईल गेली असे कळताच त्या यंत्रावर नवे काही लिहू नका. (हल्लीच्या एसएसडी जातीच्या डिस्कमध्ये मात्र मोकळी झालेली जमीन यंत्र स्वतःच साफ करून ठेवते. तिथे ही आशा फारशी धरू नये.)

मराठी लिहिणाऱ्याच्या नशिबी आणखी एक हरवणे आहे, ते इंग्रजी लिहिणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे जे फाँट होते, त्यांत देवनागरी अक्षरे ही रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रे होती. प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. तो फाँट यंत्रावर नसला की फाईल सापडते, उघडते, पानेही तितकीच भरतात, पण त्यावर मराठी नसते. उंदरांनी नाचून केल्यासारखी रोमन अक्षरांची रास असते. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती, पण ती आपल्या छापखान्यांपर्यंत आणि कचेऱ्यांपर्यंत यायला बराच काळ गेला. त्या मधल्या काळात लिहिलेले किती तरी मराठी आज असे मुके होऊन पडले आहे. मजकूर आहे आणि नाहीही. महानुभावांच्या पोथ्यांचे असेच झाले होते. सकळ लिपीत त्या बांधलेल्या होत्या. मठाबाहेरच्या माणसाला त्या कागदावरच्या रेघोट्या वाटत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली जगापुढे ठेवली आणि शतकानुशतके डोळ्यांसमोर असलेले वाङ्मय पुन्हा सापडले.

राखणे हे खरे तर इच्छेचे काम आहे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. इ. स. १५५१ ते १६१५ हा दासोपंतांचा काळ. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे अशी आख्यायिका आहे, आणि त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख सांगतात, तेव्हा ती शाई काही जास्त वाटत नाही. ह्या माणसाने पंचीकरणाचा विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर लिहून काढला. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचे जाडेभरडे वस्त्र. ती पाहताना अध्यात्म कळो न कळो, एक गोष्ट मनात ठसते: ह्या गृहस्थाला हे राहावे असे वाटत होते. चाळीस फुटांपर्यंत त्याचे मन बदलले नाही.

पण जे हरवले आणि परत मिळवावे लागले, त्याचे काय? परत आलेले ते पहिलेच असते का?

ह्या प्रश्नाचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला लीळाचरित्राचा आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी रिद्धपुरास त्यांच्या आठवणी जमवल्या, ज्यांनी जे पाहिले-ऐकले त्यांना गाठून विचारले, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले, आणि शके १२००च्या सुमारास, म्हणजे १२७८च्या आसपास, मराठीतला हा आद्य चरित्रग्रंथ सिद्ध केला. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. तिची दुसरी नक्कल बाजूला काढून ठेवणारे कोणी यंत्र नव्हते. होती ती माणसे. परंपरा सांगते की हिराइसा नावाच्या बाईला ग्रंथ मुखोद्गत होता. तिच्या आणि इतरांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. साहजिकच एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी तंतोतंत जुळेना. एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. त्या लोकांनी हे न जुळणे लपवले नाही. अमक्याच्या स्मरणात असे आहे, तमक्याच्या स्मरणात तसे आहे, हे त्यांनी मजकुरातच नोंदवले, आणि अशा पाठभेदाला त्यांनी नाव दिले 'वासना'. आज हा शब्द भलत्याच अर्थाने रुळला आहे, पण जरा थांबून पाहा: आठवण ही कोरी नसते, आठवणाऱ्याचे मन तिला चिकटलेले असते, हे एका शब्दात यापेक्षा नेमके कसे सांगता येईल? सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मंडळींना ग्रंथ पवित्र होता. म्हणूनच त्यांना त्यात स्वतःची खात्री नसलेली खात्री मिसळायची नव्हती.

ह्याच्या उलट एकनाथ महाराजांचे. आमच्या शेजारच्या पैठणला त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पुरे केले. नकला करणाऱ्यांनी घातलेली भर त्यांनी काढली, एकच शुद्ध पाठ ठेवला, आणि ह्यापुढे कोणी मध्येच आपली ओवी घालू नये म्हणून कडक शब्दांत बजावले. नाथांचे उपकार कोण नाकारील? परंतु त्यांनी काय काय काढले हे आज आपल्याला कळत नाही, आणि महानुभावांनी कशाची शंका बाळगली हे कळते. भक्त म्हणून मी नाथांपुढे हात जोडतो; लेखक म्हणून मला हिराइसेची सोबत बरी वाटते.

दूरदेशीची एक हकीकत सांगतो. १८३५ साली टॉमस कार्लाइल याने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला खंड लिहून आपला मित्र जॉन स्टुअर्ट मिल याला वाचायला दिला. मिलच्या ताब्यात असताना एका मोलकरणीने रद्दी समजून ती बाडे विस्तवात घातली. कार्लाइलकडे दुसरी प्रत नव्हती आणि टिपणेही उरली नव्हती. मिल हादरून गेला होता. त्याने देऊ केलेल्या पैशांतले शंभर पौंड कार्लाइलने घेतले आणि तो खंड पुन्हा लिहायला बसला. १८३७ साली ग्रंथ बाहेर आला आणि त्यानेच कार्लाइलचे नाव झाले. जळालेला खंड ह्यापेक्षा चांगला होता की वाईट, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण माझी एक शंका आहे. तो परत सापडला असता, तर कार्लाइलला त्याचा आनंद झाला असता का?

शंकेला आधार आहे. चार वर्षांपूर्वी मी लिहीत असलेल्या कादंबरीचे एक प्रकरण विजेच्या खेळखंडोब्यात यंत्रासकट गेले. यंत्र दुरुस्त होईना, म्हणून मी ते प्रकरण आठवणीतून पुन्हा लिहिले. लिहिताना सारखे वाटे, आधीचे फार सरस होते. विशेषतः नदीकाठी बसलेल्या त्या म्हातारीच्या तोंडी एक वाक्य होते, ते काही केल्या हाताला लागेना. सहा महिन्यांनी माझ्या भाच्याने त्या जुन्या डिस्कमधून ते प्रकरण काढून आणले. मी अधाशासारखा त्या वाक्यापाशी गेलो. ते तिथे नव्हतेच. म्हातारी नुसती 'हं' म्हणाली होती. आपल्याकडे म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. हरवलेल्या मजकुराला तसे शेरभर शहाणपण जास्त फुटते. मी दुसरे लिहिलेलेच प्रकरण छापले. तिथे म्हातारीला वाक्य आहे.

माझ्या कादंबरीच्या बाबतीत हा निवाडा सोपा होता, कारण लिहिणारा आणि निवडणारा मीच होतो. लिहिणारा गेलेला असेल आणि निवडायचे दुसऱ्याला असेल तेव्हा काय करावे?

आमच्या गावात, तहसील कचेरीच्या रस्त्याला, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे झेरॉक्स-टायपिंगचे दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, शेतजमिनीच्या वादांचे खुलासे, आणि क्वचित कोणाचे खाजगी पत्रसुद्धा तो टाईप करून देतो. दीड वर्षापूर्वी एका सकाळी जवळच्या खेड्यातले एक वृद्ध गृहस्थ त्याच्याकडे आले. पुण्याला असलेल्या मुलाला त्यांना पत्र लिहायचे होते. "मोबाईलवर बोलता येत नाही का, आबा?" असे ह्याने विचारले तेव्हा ते म्हणाले, "बोलताना तो मला बोलू देत नाही." मग ते सांगत गेले आणि हा टाईप करीत गेला. पत्र रागाचे होते. दोन एकर विकायच्या गोष्टीवरून सुरुवात झाली, ती मुलाच्या आईच्या आजारपणापर्यंत आली. पाऊण पान झाले आणि वीज गेली. अर्धा तास दोघे तसेच बसून राहिले. चहा झाला. शेवटी म्हातारा उठला आणि म्हणाला, "राहू दे बाबा." पैसे देऊ लागला, ह्याने घेतले नाहीत.

दुपारी वीज आली. प्रोग्रॅम उघडताच ते पाऊण पान, शेवटची दोन वाक्ये सोडून, समोर हजर झाले. आबा परत येतील तेव्हा नव्याने सांगायला नको, अशा भल्या बुद्धीने ह्याने त्याला तारखेचे नाव दिले आणि राखून ठेवले. आबा परत आले नाहीत. महिन्याभराने झोपेतच वारले.

त्यानंतर तो माझ्याकडे आला. "गुरुजी, ते पत्र त्यांच्या पोराला द्यावं का?"

मी ते पत्र वाचले नाही. त्याने वाचायला पुढे केले होते. मी नको म्हटले. पण त्याच्या प्रश्नावर आम्ही तीन संध्याकाळी बोललो, आणि विद्यार्थी असून त्याने माझी बाजू सहज मान्य केली नाही.

त्याचे म्हणणे असे: "बापाचा शेवटचा शब्द आहे तो. माझ्या मशीनमध्ये पडून ठेवायचा मला काय अधिकार? सातबाऱ्यावर पोराचं नाव लागतं, तर पत्रावर का नाही?" ह्यात वजन नव्हते असे नाही. जगात तसे घडलेही आहे. फ्रान्झ काफ्का १९२४ साली वारला. आपले अप्रकाशित लेखन जाळून टाक असे तो मित्राला, माक्स ब्रोडला, लिहून ठेवून गेला होता. ब्रोडने जाळले नाही. १९२५ साली 'द ट्रायल' छापले, आणि १९३९ साली नाझी प्रागमध्ये शिरत असताना ते कागद बरोबर घेऊन तो देशाबाहेर पडला. मित्राची आज्ञा मोडणारा हा माणूस नसता तर विसाव्या शतकाच्या कादंबरीला केवढे भगदाड पडले असते! आज वाचणारे ब्रोडलाच दुवा देतात.

पण मला वाटते, काफ्काने निदान स्पष्ट शब्दांत सांगितले होते, आणि ब्रोडने जे मोडले ते जाणून मोडले. आमच्या आबांनी जे सांगितले त्याचे दोन अर्थ होतात. 'राहू दे', पुन्हा येईन तेव्हा पुरे करू. की 'राहू दे', वीज गेली हे बरेच झाले, आता लिहायचे नाही? त्या अर्ध्या तासात, चहाचा कप हातात असताना, म्हाताऱ्याच्या मनात काय झाले ते यंत्राला ठाऊक नाही. यंत्र दर दहा मिनिटांनी शब्द टिपते. शब्द आवरून घेणे त्याला टिपता येत नाही. त्याच्या हिशेबी पत्र पाऊण पानावर थांबले. आबांच्या हिशेबी ते कदाचित त्या उठण्यात पुरे झाले असेल. मुलाच्या हाती नुसते पाऊण पान दिले, तर त्याला बापाचा सकाळी अकरा वाजेपर्यंतचा राग तेवढा मिळेल. साडेअकराचा बाप त्यात नसेल. आणि त्यानंतरचा महिनाभर, ज्यात त्यांना केव्हाही परत येऊन ते पुरे करता आले असते, तोही नसेल.

"मग पुसून टाकू?" त्याने विचारले.

तेही मला पटेना. पुसणे म्हणजे आपणच आबांच्या वतीने दुसरा अर्थ ठरवून मोकळे होणे. शिवाय उद्या मुलाला दुसऱ्या कोणाकडून कळले की बापाने पत्र सांगितले होते आणि ते दाबले गेले, तर तो जन्मभर त्या कोऱ्या कागदावर काय काय वाचीत बसेल! मेल्या म्हशीच्या दुधासारखा मेलेल्या पत्राचा रागही मणभर होतो.

मी त्याला म्हटले, तू हिराइसा हो. कागद पुढे करू नकोस; जे पाहिलेस ते सांग. कोण आले, कुठे बसले, काय सांगत होते, केव्हा वीज गेली, काय म्हणून उठले. जे तुला ठाऊक आहे ते ठाऊक म्हणून सांग, आणि ज्याचे दोन अर्थ होतात त्याचे दोन्ही सांग. एवढे ऐकून त्याने पत्र मागितले तर ते त्याचे आहे, देऊन टाक. पण मग ते सगळ्या सकाळीसकट त्याच्या हाती जाईल.

"तुम्ही कादंबरीवाले," तो हसून म्हणाला. "साध्या झेरॉक्सची पोथी करता." मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही ते पत्र देऊन टाकणे सोपे वाटले असते. देणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे त्याने उतरते, आणि ओझे उतरवण्याला आपण पुष्कळदा प्रामाणिकपणा म्हणतो.

मुलगा वर्षश्राद्धाला गावी आला तेव्हा ह्याने त्याला दुकानात बोलावून सगळे सांगितले. मी तिथे नव्हतो. मला नंतर कळले ते एवढेच. मुलाने मध्ये एकदाही तोडले नाही. पत्रात काय होते हे त्याने विचारलेच नाही. त्याला बहुधा ते माहीत असावे. त्याने विचारले ते असे, की आबा पायी आले होते की कोणाच्या गाडीवर, आणि चहा घेतला म्हणता तो त्यांनी साखरेचा घेतला का, कारण त्यांना साखर बंद होती. साखरेचाच घेतला, दोन कप, असे ह्याने सांगितले. मग मुलगा जरा वेळ त्या बाकावर बसला आणि गेला.

फाईल अजून त्या दुकानातल्या यंत्रावर आहे. मुलाने मागितलेली नाही.